फेटा ओढणारा उंट

मित्रांनो, मी एक म्हातारा उंट आहे. माझ्यावर तुम्ही पोट धरधरून हसला आहात, तेव्हा खरे तर ओळख सांगायला नको, तरी सांगतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला एक छोटी प्राणीबाग होती. मी तिथेच जन्मलो. आकाराम नावाच्या राखणदाराने मला सरदार अशी हाक मारत वाढवले. त्याच्याइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही आणि त्याच्याइतका मारही कुणी दिला नाही.

पुढे बाग एका कंपनीने विकत घेतली. मालक राजवर्धन साहेब पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. तिकिटे खपेनात, तेव्हा बाग मोडून तिथे रिसॉर्ट बांधायचे त्यांनी ठरवले. हरणांचा चारा निम्म्यावर आला. अस्वल दिवसभर गजांना कपाळ घासत बसायचे.

"बाग गेली तर आपण कुठं जायाचं रं सरदार?" आकाराम मला विचारायचा. त्याचा सगळा जन्म याच बागेत गेला होता.

त्याच सुमारास सौमित्र नावाचा दिग्दर्शक सिनेमा काढायला आला. गोष्ट गमतीची होती. कंपनीच्या तावडीतून गावकरी एक प्राणीबाग वाचवतात. त्यात उंट कंपनीच्या साहेबाचा फेटा ओढतो आणि साहेब तोंडावर आपटतो, असा प्रसंग होता.

"भुकेलं जनावर लवकर शिकतं," सौमित्र म्हणाला.

"मुकं जनावर हाय ओ ते," आकाराम म्हणाला खरा. पण सिनेमा चालला तर बाग वाचेल, या आशेने त्याने माझा चारा बंद केला. फेटा दिसला की ओढायचा. ओढला तर गूळ, नाही तर गुडघ्यावर काठी. मारताना तो रडायचा, पण त्याचा नेम काही चुकायचा नाही. माझा डावा गुडघा तेव्हापासून नीट वाकत नाही.

सिनेमा तुफान चालला. पार जयसिंगपूर, कबनूरहून गाड्या भरभरून माणसे मला बघायला आली. बागेबाहेर भेळेचे गाडे लागले. ती गर्दी पाहून राजवर्धन साहेबांचे मन पालटले. बाग चालूच राहील, हे जाहीर करायला ते स्वतः आले. मांडव पडला, हलगी कडाडली, मला झूल घालून व्यासपीठाला खेटून उभे केले.

नेमकी तेव्हाच आकारामची अक्कल चरायला गेली. साहेब नको नको म्हणत होते. "पावणं फेट्याबिगर परत गेलं, तर कोल्हापूरची अब्रू जाईल की!" असे ओरडत त्याने स्वतःच्या हाताने साहेबांना फेटा बांधला.

मी काय करणार? मला एवढेच तर शिकवले होते. मी मान लांब केली, फेटा दातांत धरला आणि ओढला. साहेब थेट माझ्या लेंड्यांत पालथे पडले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सगळ्यांत मोठ्याने आकाराम हसला. मी गुळाची वाट पाहत उभा राहिलो.

साहेब उठले. त्यांनी शांतपणे तोंड पुसले आणि हसत विचारले, "वा! कोणी शिकवलं याला?"

"म्याच की सायेब!" आकाराम छाती फुगवून म्हणाला.

साहेब भाषण न करताच गेले. त्याच महिन्यात बागेला कुलूप लागले आणि आकारामला घरी बसवले. अस्वलाला गाडीत कोंबून कुठे नेले, मला कळले नाही. मला एका माणसाला विकले. त्याने माझ्या नाकात वेसण घातली तेव्हा आकाराम समोरच उभा होता.

"ह्याच्यापायीच माझं वाटुळं झालं," तो म्हणाला, आणि माझ्या त्याच गुडघ्यावर लाथ घालून चालता झाला. काठीचा मार मी विसरलो, ती लाथ विसरलो नाही.

आता मी रंकाळ्यावर पोरांना पाठीवर फिरवतो. परवा एका मुलीने आईला विचारले, "आई, सिनेमातली ती बाग कुठं हाय गं?"

"तसलं कुठं नसतंय बाळा," आई म्हणाली, "शूटिंगपुरतं केल्यालं असतंय."

मित्रांनो, उंट बरेच दिवस पाण्यावाचून राहतो, असे तुमच्या पुस्तकात लिहिले आहे. माझ्या नव्या मालकानेही ते पुस्तक वाचले आहे. तुम्ही खुशाल हसा, फोटो काढा, पण माझ्या पाठीवरून उतरलात की त्याला एकदा विचारा, "काका, ह्याला पाणी कधी पाजलं?" तुम्ही विचारलेत, तर लाजेकाजेने तरी तो बादली आणेल. समोर एवढे मोठे तळे पसरले आहे, आणि माझी दोरी तिथवर पुरत नाही.