टाकीला लावलेला कान

बाबांच्या जुन्या स्पोर्ट्स कारनं पुन्हा मान टाकली. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा पंप गुणगुणला तर तो ठीक, नाहीतर गेला. उभा जन्म बाबांनी गॅरेजमध्ये पंप असेच ओळखले. आताही ते टाकीला कान लावून बसले.

"फिरव किल्ली!" ते खेकसले.

"फिरवलीय, बाबा!" मी दुसऱ्यांदा ओरडलो.

"मग आवाज कुठंय? हाही पंप मेला! सगळा भिकार माल!"

गेल्याच आठवड्यात बसवलेला नवाकोरा पंप! माझं डोकंच सणकलं. बाबांना चांगलं फैलावर घ्यावं म्हणून तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

पंप गुणगुणत होता. मला तो पुढच्या सीटवरही स्वच्छ ऐकू येत होता.