अस्वलाच्या निरोपाचं पान

सिंगापूरला, टॅम्पिनीसमधल्या दहाव्या मजल्यावर बसून बर्फ रंगवायचा, म्हणजे भलताच उपद्व्याप! बाहेर घामाच्या धारा, आणि कागदावर उत्तर ध्रुवाजवळचा गोठलेला किनारा. पण सुलेखानं हे काम हौसेनं अंगावर घेतलं होतं. इथल्याच एका छोट्या प्रकाशकाला इन्युइट लोकांची एक जुनी कथा मुलांसाठी चित्रांतून सांगायची होती, आणि चित्रं जलरंगातलीच हवीत असा त्याचा हट्ट होता. जलरंगात पांढरा रंग हातात धरायचा नाही, ही सुलेखाची जुनी शिस्त. पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा. म्हणजे पांढरं अस्वल रंगवायचंच नाही. त्याच्याभोवतीचं आभाळ आणि समुद्र तेवढा रंगवायचा. रंग एकदा आत ओघळला की अस्वल गेलंच. त्यातून इथल्या दमट हवेत कागद वाळता वाळत नाही.

गार्गी सात वर्षांची होती. सुलेखाच्या धाकट्या बहिणीची, विनीताची मुलगी. विनीता गेली तेव्हा पोर अकरा महिन्यांची. बाप, दिलीप, पार कोलमडून गेला होता. "तू सावरेपर्यंत नेते," असं म्हणून सुलेखानं तिला पुण्याहून सिंगापूरला आणलं. दिलीपला सावरायला सहा वर्षं लागली. आणखी सहा लागली असती तरी सुलेखाची काही तक्रार नव्हती! गार्गी तिला आई म्हणायची, तिच्या नवऱ्याला, निशिकांतला, बाबा, आणि दिलीपला 'पुण्याचे बाबा'.

शाळेतून आली की गार्गी टेबलावर हनुवटी टेकून गोष्ट ऐकायची. एका एकट्या म्हातारीला अस्वलाचं पिल्लू मिळतं. ती त्याला पोटच्या पोरासारखं वाढवते. मोठं होऊन ते तिच्यासाठी शिकार आणू लागतं, तसे वस्तीतले शिकारी जळतात आणि त्याला मारायचं ठरवतात. म्हातारी विनवते, "मला मारा, पण त्याला सोडा." कुणी ऐकत नाही. शेवटी ती अस्वलाला सांगते, "बाळा, तू जा. परत येऊ नकोस."

मूळ गोष्टीत ती दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. सुलेखानं ते गाळून टाकलं. गार्गी आधीच हळवी. एवढ्या-तेवढ्यावरून उशी भिजवायची. म्हणून सुलेखा सांगायची, "शहाणं होतं गं ते. आईनं सांगताच निघालं. रडलंसुद्धा नाही."

"सो गुड, आ," गार्गी शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत कौतुकानं म्हणायची.

सगळी पानं झाली. निरोपाचं तेवढं राहिलं होतं. आणि २००६च्या जूनमध्ये, शाळेला सुट्टी लागली तेव्हा दिलीप आला. त्यानं वर्षापूर्वी राधिकाशी लग्न केलं होतं. घर पुन्हा उभं राहिलं होतं. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला आणि अवघडून म्हणाला, "ताई, हक्क सांगायला आलो नाही. मला ते शोभणारही नाही. आपण गार्गीलाच विचारू. ती नको म्हणाली तर मी एकटा परत जाईन."

"विचारू की," सुलेखा म्हणाली. मनात तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पोर काय म्हणणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

जेवणाच्या टेबलाशी दिलीपनं विचारलं. गार्गीनं त्याच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ सुलेखाकडे पाहिलं.

"जाते," ती म्हणाली.

दिलीप ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागला. निशिकांत उठून पाणी आणायला गेला. सुलेखानं गार्गीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"तुला खरंच जायचंय?"

गार्गीनं मान हलवली. नाही.

"मग जाते का म्हणालीस गं?"

"मी स्टे केलं तर तू पुण्याच्या बाबांशी फाइट करणार. मग तू सॅड होणार. त्या आजीसारखी, मला मारा, मला मारा म्हणणार. आय अ‍ॅम नॉट क्रायिंग, सी? अस्वल पण नाही रडलं."

सुलेखानं तिला छातीशी घट्ट धरलं. तिला स्वतःची शरम वाटली. त्या म्हातारीनं निदान 'जा' हा शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता. इथं दोन शहाण्यासुरत्या माणसांनी तो सात वर्षांच्या पोरीवर ढकलला होता. जिंकायची खात्री होती म्हणून सुलेखा त्याला आनंदानं तयार झाली होती.

ते सगळं तिनं निशिकांतला सांगितलं. दिलीपला सांगायला जीभ रेटेना. पुढचे दिवस ती फ्रॉकांच्या घड्या घालत राहिली आणि गार्गी तिला शहाण्यासारखी मदत करत राहिली. पोर एकदाही रडली नाही. ते सुलेखाला सोसवत नव्हतं.

चांगी विमानतळावर, आत जायच्या फाटकापाशी, सुलेखा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"गार्गी, मी तुला खोटं सांगितलं. अस्वल रडलं होतं. खूप रडलं. त्याला जायचंच नव्हतं."

गार्गी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा खालचा ओठ थरथरला आणि तिनं असा टाहो फोडला की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. तिनं सुलेखाच्या ओढणीला, केसांना, मिळेल त्याला धरलं. "आई, आय डोन्ट वॉन्ट! नको! मला नाही जायचं!"

दिलीपनं हातातली बॅग खाली ठेवली. "ताई," तो कसाबसा म्हणाला, "राहू दे तिला. मी जातो."

हेच तर सुलेखाला हवं होतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पण मग पुढच्या जूनमध्ये पुन्हा विचारायचं, त्याच्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा; आणि दर खेपेला ही पोर दोघांची तोंडं बघून कुणाला कमी दुखेल याचा हिशेब करणार. बापाला नाही म्हटल्याचं ओझंही तिनंच वागवायचं.

"नाही," सुलेखा म्हणाली. "घेऊन जा तिला. आणि तिला पुन्हा कधी विचारू नकोस."

गार्गीची बोटं ओढणीत रुतली होती. ती सुलेखानं एकेक करून स्वतःच सोडवली.

"जा, बाळा," ती म्हणाली. "मी सांगतेय, जा."