हशाच्या जागा

नाटक लागलं त्या आठवड्यात वाचनालयाच्या बाईंना पहिला टोमणा मारला तो चष्मेवाल्याने. काड्या सैल झाल्या म्हणून त्या चष्मा घेऊन गेल्या, तर काचा पुसता पुसता त्याने विचारलं, "बाई, साखळी लावून देऊ का? गळ्यात अडकवायला? नाटकातल्यासारखी?" आणि ओठांवर बोट ठेवून डोळा मारला.

बाईंनी नाटक पाहिलं नव्हतं. त्या नुसत्या हसल्या. लोक आपल्याकडे बघून हसले की आपणही हसून घ्यावं, कारण मागाहून कळतंच, असा त्यांचा हिशेब.

मग भाजीवाल्याने बोट ठेवलं. मग बसच्या कंडक्टरने. शेवटी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, बघून आलो गं आम्ही! अगदी तूच! हे तर हसून हसून खुर्चीतून पडायचेच बाकी होते."

"मी? मी काय करते त्यात?"

"शूऽऽ करतेस. दुसरं काय करणार?"

दुसऱ्या दिवशी बाई तिकीट काढून शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. रंगमंचावरच्या बाईला 'चूपबाई' म्हणत. तिचा अंबाडा डोक्यावर घट्ट बसवलेला, चष्म्याला साखळी, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. लग्न पुस्तकांपायी राहून गेलेलं. ती शिंकणाऱ्याला शू करायची, पाण्याच्या नळाला शू करायची, आणि कोणी नसलं की पुस्तकं हुंगायची. शेवटी, कोणीच कधी न नेलेलं एक पुस्तक छातीशी धरून ती कपाटापाशीच मरायची, आणि तासभर हसलेले लोक मग रुमाल काढायचे.

आता खऱ्या बाईंचं सांगायचं तर त्यांचे केस कानापर्यंत कापलेले. चष्मा लागायचा तो फक्त बारीक छपाईला. नवरा होता, गुणी होता, आणि वारला होता. वाचनाचा त्याला भारी कंटाळा. बाईंचा आवाज असा, की रहस्यकथेतला खुनी कोण ते वाचकाला जिन्यातच कळायचं. आणि हसू तर असं, की खालच्या मजल्यावरचा सलूनवाला ते संपेपर्यंत वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापासून लांब धरून उभा राहायचा. साऱ्या गल्लीत त्यांच्या वाचनालयाइतका गलका दुसरीकडे कुठे नसेल. शिंपी आणि निवृत्त पोस्टमास्तर कादंबऱ्यांच्या शेवटांवरून तिथे असे भांडत, की बघणाऱ्याला वाटावं जमिनीचा वाद आहे.

आणि नाटककाराने हे सगळं पाहिलेलं होतं. नाटक त्याने तिथेच तर लिहिलं, खिडकीजवळच्या टेबलावर, बाईंनी आणून दिलेला चहा पीत. पंख्याचा वारा नेमका त्याच्या कागदांवर येतो म्हणून बाईंनी पंखा हलवून घेतला होता. त्यांना वाटे, हा आपल्याबद्दल काहीतरी लिहितोय. मनातून त्या सुखावल्याही होत्या, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. समोर जितीजागती बाई वावरत असताना त्याने लिहिली ती लहानपणापासून डोक्यात बसलेली.

ते एक वेळ पोटात घातलं असतं. पण हळूहळू वाचनालयच बदलायला लागलं. नवे लोक यायचे ते चवड्यांवर, देवघरात शिरल्यासारखे. शिंपी एक दिवस टेबलापाशी वाकून कुजबुजला, "बाई, दुसरा भाग आला का हो?"

"घसा बसलाय का तुमचा?"

"नाही. म्हटलं, तुम्ही शू कराल." आणि स्वतःच्याच विनोदावर तो गालातल्या गालात हसला. आवाज न करता.

आधी थट्टा, मग सवय. पोस्टमास्तर भांडायचे बंद झाले. ते आता नुसती मान हलवून असहमती दाखवू लागले. "अहो, मोठ्याने बोला की!" बाई ओरडल्या, तर सगळ्यांनी ओठांवर बोटं ठेवली आणि खुदखुदले. रात्री बाईंना झोप लागेना. बहिणीला फोन करावा म्हटलं, तर ती म्हणाली, "मनाला काय लावून घेतेस, ताई? गंमत आहे ती. तुला ना, विनोदच कळत नाही!"

हे बाईंना. ज्यांच्या हसण्यापायी वस्तरा थांबायचा.

अशात एक दिवस वाचनालयाचे अध्यक्ष हात चोळत आले. एक मोठा निर्माता येणार होता. गावोगाव नाटकं फिरवणारा माणूस. गावातले प्रयोग संपले होते, म्हणून तो वाचन ऐकणार, आवडलं तर चूपबाई प्रत्येक गावात उभी राहणार.

"आणि मी म्हटलं, वाचन आपल्या वाचनालयातच ठेवू! काय कल्पना आहे? तुम्ही पहिल्या रांगेत, बाई, अगदी त्याच्या शेजारी. जरा खिलाडूपणाने घ्या."

"घेते की," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढे गावोगावची वाचनालयं आली. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बाई, प्रत्येक ठिकाणी कुजबुजणारा शिंपी. हे नाटक त्या माणसाच्या गाडीत बसून गेलं, तर परत यायचं नाही.

"कोणता वार ठेवू?"

"शुक्रवार," बाई ताबडतोब म्हणाल्या. "दुपारी चार."

शुक्रवारची गोष्ट अशी. दवाखान्यातली एक नर्स दर शुक्रवारी सलग दोन पाळ्या उरकून दुपारी वाचनालयात यायची. तिच्या घराला लागून सुताराचा कारखाना. दिवसा तिथे करवत थांबत नसे. ती कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पडायची, तोंडावर वर्तमानपत्र घ्यायची आणि मेल्यासारखी झोपायची. ती झोपली की बाई टेबलावरची पितळी घंटा आडवी करून ठेवत. घंटा आडवी दिसली की दारातून आत येणारा माणूस आपोआप पाय उचलून टाकी, खोकला आला तर जिन्यात जाऊन खोके. कोणी नियम केला नव्हता, पाटी लावली नव्हती. इथली शांतता नियमाची नव्हतीच, ती त्या एका दमलेल्या पोरीची होती. नाटककार शुक्रवारी कधी येत नसे. अध्यक्ष तर उद्घाटन असल्याशिवाय जिनाच चढत नसत.

ठरल्या दिवशी नर्स आली, मांडलेल्या खुर्च्या पाहून दारातच थबकली. "आज काही आहे का, बाई? मग जाते मी."

"अजिबात नाही. तुझी खुर्ची ती तुझीच. दमलीस किती बघ." बाईंनी तिला बसवलं, पायांखाली स्टूल सरकवलं, वर्तमानपत्र स्वतःच्या हाताने तोंडावर पांघरलं. ही माया खरी होती. फक्त आज मायेच्या जोडीला एक बेतही होता, इतकंच.

मग त्यांनी घंटा आडवी केली.

एकेक जण येत गेला. शिंपी, पोस्टमास्तर, शिकवण्या घेणाऱ्या बाई, दोघी मैत्रिणी ज्या एकच पुस्तक वाटून वाचत. प्रत्येकाची नजर आधी टेबलाकडे, मग कोपऱ्याकडे गेली. प्रत्येक जण मांजराच्या पावलांनी जाऊन बसला. धाकटी बहीण नवऱ्यासह दुसऱ्या रांगेत बसली. अध्यक्षांना ही शिस्त पाहून भरून आलं. "बघा," ते निर्मात्याला म्हणाले, "कसा जाणकार श्रोता आहे!"

नाटककार उभा राहिला. वाचायला त्याला छान येई. कागदावर त्याने हशाच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवल्या होत्या. तिथे थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, हसू ओसरलं की पुढे. पहिली जागा आली. तो थांबला.

काही नाही. पंख्याची घरघर.

त्याने घोट घेतला, पुढे वाचलं. दुसरी जागा. शिंप्याचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला, पोस्टमास्तरांनी मूठ दातांखाली धरली, पण लांबून बघणाऱ्याला ते गंभीर विचारात गढलेले वाटत. नाटककाराने आवाज चढवला तर शिकवणीवाल्या बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने तो आपणहून खाली आणला. तिसऱ्या जागी धाकटी बहीण एकटीच 'खुक्' करून हसली. सगळी सभा तिच्याकडे वळली. आठ-दहा बोटं एकदम ओठांवर गेली, आणि त्यांत थट्टा नव्हती. बहीण खुर्चीत एवढीशी झाली. बाईंनी मान वळवली नाही, पण ती लहान होत गेलेली त्यांना पाठीनेच कळली, आणि बरं वाटलं.

शिडीचा प्रवेश आला. चूपबाई टिकटिक करणाऱ्या घड्याळाला शू करायला शिडीवर चढते. घड्याळ घाबरून बंद पडतं. मग वाचनालय बंद करायची वेळच होत नाही आणि वाचक आत अडकून म्हातारे व्हायला लागतात. बाईंनी रुमाल तोंडात कोंबला. खोटं कशाला बोला, विनोद फक्कड होता. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. पण गिळला.

नाटककाराच्या कपाळावर आता घामाचे थेंब होते. पाण्याचा पेला रिकामा झाला होता, तरी तो सवयीने उचलून तोंडाला लावत होता. हशाच्या जागा आता तो धावत ओलांडायला लागला. बाईंना अस्सं सुख झालं म्हणून सांगू! पायात रुतलेला काटा निघताना होतं तसं.

आणि तेवढ्यात शेजारच्या निर्मात्याने चष्मा काढून डोळे टिपले.

"मला विनोदी म्हणून सांगितलं होतं," तो अध्यक्षांच्या कानाशी म्हणाला. "हे काळीज चिरणारं आहे हो. बिचारी! असंच करू आपण, अगदी शांत, गंभीर. लोक ढसाढसा रडतील."

बाईंनी तोंडातला रुमाल काढला. बिचारी? लोक हसले, तर निदान उद्या दुसऱ्या कशाला तरी हसतात. पण कीव एकदा घरात शिरली की मुक्कामालाच राहते. गावोगावच्या बायकांकडे लोक आता ओठांवर बोट ठेवून नव्हे, मान कलती करून बघणार. त्यापेक्षा बोट परवडलं.

नाटककारालाही निर्मात्याचे डोळे दिसले होते. बुडत्याला फळी मिळावी तसा तो शेवटच्या पानाला चिकटला. आवाज कातर केला. चूपबाई कपाटापाशी बसली होती, पुस्तक छातीशी होतं. बाई उठल्या, शांतपणे टेबलापाशी गेल्या.

"...आणि कोणालाही न कळता," नाटककार म्हणाला, "ती गेली."

बाईंनी घंटा उचलून उभी केली. टण्.

कोपऱ्यातलं वर्तमानपत्र हललं. नर्स ताठ उठून बसली, डोळे अर्धे मिटलेलेच, आवाज मात्र पाळीवरचा, खणखणीत.

"कधी गेली? वेळ लिहिली का?"

तिने वर्तमानपत्र बाजूला सारलं.

"अरे, नातेवाईक आहेत का कोणी बाहेर? आणि ते छातीवरचं पुस्तक कोणी काढेल का आधी?"

बाई हसल्या. इतके दिवस छातीत दाबून ठेवलेलं ते हसू असं सुटलं, की कपाटांच्या काचा थरथरल्या. खाली वस्तरा नक्कीच थांबला असणार. मग शिंपी फुटला. मग पोस्टमास्तर, त्यांची तर कवळी हातात आली. तासाभराचं, प्रत्येक जागेवर गिळलेलं हसू एकदम बाहेर पडलं, आणि ते पडलं नेमकं मयतावर. "वेळ लिहिली का!" शिंपी मांडी थोपटत ओरडला. "पुस्तक काढा आधी!" दोघी मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नाटककार दोनदा म्हणाला, "अहो, अजून एक परिच्छेद आहे." तो परिच्छेद कोणी ऐकला नाही.

निर्मात्याने डोळे टिपलेला रुमाल घाईने खिशात कोंबला, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता.

"हसायच्या जागी गप्प बसतात, रडायच्या जागी हसतात," तो अध्यक्षांना म्हणाला. "असलं नाटक मी कुठल्या गावात घेऊन जाऊ?" आणि जिना उतरायला लागला. अध्यक्ष चहा, चहा करत मागे धावले.

गर्दी बोलत, भांडत, मोठमोठ्याने निघाली. पोस्टमास्तर शिंप्याला सांगत होते की शेवट मुळात चुकीचाच आहे, आणि शिंपी म्हणत होता, तुम्हाला काय कळतं शेवटातलं. बहीण टेबलापाशी आली. "तू मुद्दाम केलंस, ताई."

"गंमत गं," बाई म्हणाल्या. "तुला ना, विनोदच कळत नाही."

सगळे गेले. नाटककार कागद गोळा करत राहिला. मग जवळ आला.

"तुम्ही सूड घेतलात माझा."

"हो."

असं सरळ उत्तर येईल असं त्याला वाटलं नसावं. "पण ती तुम्ही नव्हताच, बाई. ती काल्पनिक होती."

"मग सूडही काल्पनिकच समजा."

बोलता बोलता बाई खिडकीपाशी गेल्या. खाली अध्यक्ष गाडीच्या दाराला धरून काही विनवत होते. दार लागलं. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, दिवा लुकलुकला, ती वळली. बाई थोडं आणखी थांबल्या, अगदी खात्री होईपर्यंत.

मग त्या वळल्या. "एक सांगू? तो शिडीचा प्रवेश आहे ना, घड्याळाचा. फार चांगला आहे. जीव जात होता माझा हसू आवरताना. सगळ्यांचाच."

त्याचा चेहरा एखाद्या पोरासारखा उजळला. "खरंच? सगळ्यांचा?"

"अगदी."

"मग... मग हे त्यांना सांगा ना! निर्मात्यांना! आत्ता तर उतरलेत!" आणि कागद तसेच टाकून तो धावत सुटला. दोन दोन पायऱ्या उतरत गेल्याचा आवाज बाईंनी शेवटपर्यंत ऐकला. मग खिडकीतून वाकून, रिकाम्या रस्त्यावर तो आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कसा बघतो, ते सावकाश, मन भरेपर्यंत पाहिलं.