जिन्यावरचा आळ

‘पाय घसरला म्हण. कुणीही विचारू दे, कितीही वेळा विचारू दे — पाय घसरला म्हण...’

— आणि चौथ्या पायरीच्या काठावरची रबरी पट्टी एका कोपऱ्यातून सुटून वर आली होती, आणि कुणाचातरी तपकिरी बूट तिला दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. नुसता चाळा. बुटाचा मालक आपल्या बायकोशी पडद्यांबद्दल बोलत होता, पट्टीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण धाकटीच्या मनात आलं, हा पाय घोट्याशी धरावा आणि पिळावा, ओलं कापड पिळतात तसा, शेवटचा थेंब निघेपर्यंत, हाड बोलेपर्यंत... तिनं खांद्यावरची पिशवी सावरली आणि छताकडे पाहिलं. छताकडे पाहायचं, असं तिला सांगितलं होतं. गिऱ्हाईक छताकडे पाहतं, ओल आहे का बघतं.

ही युक्ती एजंटबाईंची. घर विकायचं तर ते उघडं टाकावं, असा त्यांचा ठाम विश्वास — रविवारी अकरा ते चार दार सताड, भर दिवसा सगळे दिवे लावलेले, कपाटं अर्धी रिकामी, भिंतींवरचे फोटो उतरवलेले, कोपऱ्यावर बाणाची पाटी. येईल त्याला येऊ द्यावं, आणि घरच्या माणसांनी मात्र कुठेतरी निघून जावं. ‘घरची माणसं समोर असली की गिऱ्हाईक पाहुण्यासारखं वागतं हो,’ त्या म्हणत, ‘आणि पाहुणा घर विकत घेत नाही. चहा पिऊन जातो.’ चार रविवार गेले. माणसं आली, कपाटं उघडून बघून गेली, एकही परत आलं नाही. म्हणून आज त्यांनी धाकटीला बाजूला घेतलं होतं. ‘चपला काढू नका, पिशवी खांद्याला लावा आणि गिऱ्हाईक व्हा. दुसरं कुणी बघतंय म्हटलं की माणसाला घाई सुटते.’

आणि जन्मापासून ज्या घरात ती अनवाणी वावरली त्या घरात धाकटी चपला घालून, परक्यासारखी, छताकडे बघत उभी होती.

तिचा दादा मात्र एकाही रविवारी हलला नव्हता. जिन्याच्या तळाशी, हात मागे बांधून, शाळेत मुलांसमोर प्रार्थनेला उभा राहत असेल तसा. वर जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगत होता, त्याच शब्दांत, त्याच हळू आवाजात. ‘जरा जपून हं. जिना फसवा आहे. आमचे बाबा इथूनच पडले. बावीस वर्षं अंथरुणावर होते, यंदा गेले.’

तपकिरी बुटाच्या बायकोनं कठड्यावरचा हात पटकन काढून घेतला. दोघं वर गेलीच नाहीत. ‘छान आहे, कळवतो,’ म्हणाली आणि बाणाच्या उलट्या दिशेनं चालू लागली.

एजंटबाईंनी दादाला स्वयंपाकघरात ओढलं. ओट्याशी उभी राहून नळ उघडून बघत असलेल्या धाकटीला सगळं ऐकू आलं.

‘अहो सर, घर विकायला काढलंय की जिन्याची शोकसभा भरवलीय?’

‘मी खोटं बोलणार नाही.’

‘खोटं कोण बोला म्हणतंय? गप्प बसा म्हणतेय! गप्प बसायला काही लागतं का?’

‘उद्या कुणाचं लेकरू पडलं म्हणजे?’

‘जगात इतके जिने आहेत, त्यांच्यावरून लेकरं घसरगुंडी खेळतात!’

‘आणि मुळात हे उघडं घर वगैरे,’ दादा म्हणाला, ‘यानं घर विकलं जात नाही, बाई. रिकामटेकड्यांची करमणूक होते. त्या शेजारच्या काकू पाचही रविवार आल्या. त्यांना घ्यायचंय का घर?’

‘शंभरातला एक घेतो. पण दार लावून बसलं तर तो एक येत नाही. आणि आला तर तुम्ही त्याला पिटाळून लावता!’

‘उद्या सुतार येतोय,’ दादा म्हणाला. ‘जिना उखडून टाकतो. बुडापासून. मग कुणाला काही सांगावं लागणार नाही.’

धाकटीनं नळ बंद केला. तो बंद झाला तरी ती पिळतच राहिली.

सुतार येणार. कुऱ्हाडीनं नाही, पहारीनं, पायरी पायरी उचकटणार, आणि दादा समोर उभा राहून बघणार, आणि त्याला वाटणार की आता सुटलो. तो सुटणार नव्हता. कारण बावीस वर्षांमागे, आदल्याच संध्याकाळी, एकवीस वर्षांच्या दादानं बाह्या वर सारून या पायऱ्यांना तेल लावलं होतं. लाकूड चकाकलं पाहिजे म्हणून. बाबांनी शाबासकी द्यावी म्हणून... आणि दुसऱ्या दिवशी बाबा खाली पडलेले दिसले तेव्हा त्यानं आधी पायरीवरून बोट फिरवलं होतं, बोटाकडे पाहिलं होतं, आणि भिंतीला टेकून तसाच खाली बसला होता. आईनं ते पाहिलं. धाकटीनं ते पाहिलं. ‘तुझ्यामुळे नाही,’ असं आई तेव्हाच म्हणू शकली असती. ती म्हणाली नाही. तिला ते तेल कुणीतरी ओंजळीत आणून दिल्यासारखं झालं.

शेजारच्या काकू आल्या होत्याच. त्या ना जिना बघत, ना खोल्या. तडक वरच्या खोलीत जात आणि दोन घरांमधल्या भिंतीवर तळवा ठेवत. पहिल्या रविवारी घराबाहेर पडता पडता धाकटीनं ते पाहिलं होतं, पण कळलं नव्हतं. आज त्यांच्यामागून वर आल्यावर कळलं, आणि तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले. या भिंतीच्या पलीकडे काकूंचा रेडिओ होता. इकडून पहिला आवाज आला की तिकडे रेडिओ मोठा व्हायचा. मार जितका जास्त तितकं गाणं मोठं. आईचं डोकं या भिंतीवर आपटलं की पलीकडे तबल्याची थाप... धाकटी लहानपणी समजायची की गाण्यात असंच असतं, मध्येच एक बाई ओरडते.

‘भिंत चांगली जाड आहे, नाही?’ ती काकूंना म्हणाली.

काकूंनी हात काढून घेतला, जणू भाजला. ‘हो गं बाई,’ म्हणाल्या, ‘काही ऐकू येत नाही.’

त्यांच्या पिकल्या केसांच्या अंबाड्याकडे पाहताना धाकटीला भिंत दिसत होती आणि अंबाडा दिसत होता आणि दोघांमधलं वीतभर अंतर दिसत होतं. वीतभरच. ती बाहेर जिन्याच्या तोंडाशी आली आणि कठडा धरून उभी राहिली.

इथेच. बटणासाठी. सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं आणि आईनं ते लावलं नव्हतं. पट्ट्याचे आवाज संपले होते, मग वेणी धरून ओढत आणायचं सुरू झालं होतं, खोलीतून इथवर. आई सरपटत, एक हात जमिनीवर, एक हात वेणीच्या मुळाशी, आणि तोंडातून आवाज नाही, कारण आवाज केला की जास्त. बाबा उलटे चालत होते, पाठ जिन्याकडे. सतरा वर्षांची धाकटी मोरीतून ओले हात घेऊनच आली. तिनं विचार केला नाही, असं लोक म्हणतील; पण केला होता, स्वच्छ, थंड पाण्यासारखा — आता त्यांच्या टाचेमागे जमीन नाही. मग तिचे दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर होते. जिथे बटण हवं होतं तिथे उघडी कातडी लागली, गरम. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती. नुसतं आश्चर्य, घरातल्या टेबलानं उठून ढकलावं तसं. आणि मग पायऱ्या एकेक करून त्यांना घेत गेल्या. पाठ. मान. पाठ. खालच्या फरशीचा आवाज वेगळा होता, ओला.

आणि तिला — हे तिनं आईलाही कधी सांगितलं नाही — तिला पोटातून हसू आलं होतं.

आई तशीच, सुटलेल्या केसांनी, खाली पाहत होती. मग तिनं लेकीचे ओले हात आपल्या पदराला पुसले, बोट अन् बोट, हळुवार, तान्ह्या मुलाचे पुसावेत तसे. आणि पुसता पुसता शिकवलं काय म्हणायचं ते.

बाबा मेले नाहीत. कमरेखालचं सगळं गेलं, हातांत त्राण राहिलं नाही, वाचा शाबूत राहिली. ते सांगू शकले असते. पोलिसाला, डॉक्टरला, दादाला. पोरीनं पाडलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते? त्यांनीही पाय घसरलाच म्हटलं. मग आई गेली, सहाव्या वर्षी, झोपेत, कुणाला त्रास न देता. राहिली धाकटी. सकाळी औषधांच्या दुकानात नोकरी, बाकी सगळा वेळ तळमजल्यावरची खोली. दिवसाआड ती त्यांची दाढी करायची. साबण, फेस, वस्तरा. गळ्याशी आली की हात जरा थांबवायची. ते डोळे मिटत नसत. छतावर खिळवून ठेवत, गिऱ्हाईक बघतं तसे. गळ्याची घाटी वर जायची, खाली यायची. ती पात्यानं तिला वळसा घालायची, इतक्या नाजूकपणे की बघणाऱ्याचा ऊर भरून यावा. लोकांचा यायचा. ‘मुलगी असावी तर अशी,’ म्हणायचे. दादा तर प्रत्येकाला सांगायचा — ‘लग्न नाही केलं तिनं. सेवेत आयुष्य घातलं.’ आणि सांगताना त्याचा आवाज फाटायचा, कारण त्याच्या लेखी ती त्याच्या तेलाची किंमत चुकवत होती...

‘तुम्हाला आवडलं का घर?’

धाकटी दचकली. पायरीवर एक बाई उभी होती, पन्नाशीची, ठेंगणी, दणकट मनगटांची. दवाखान्यात परिचारिका आहे, असं खाली एजंटबाईंना सांगताना तिनं ऐकलं होतं. म्हाताऱ्या आईला घेऊन राहायचं आहे, तळमजल्यावर एक खोली हवी आहे.

‘बघतेय,’ धाकटी म्हणाली.

‘मला आवडलं. खालची खोली अगदी मनासारखी आहे. आईला वर चढायला नकोच.’ परिचारिकेनं पायरीवर पाय आपटून बघितला. ‘आणि जिना तर भक्कम आहे की! हे सर उगाच घाबरवतात.’

‘उगाच नाही,’ दादा खालून म्हणाला. ‘मी स्वतः बघितलंय त्यांना पडलेलं.’

‘कसे होते?’

‘म्हणजे?’

‘पडले कसे होते? सवय आहे मला, दादा. वीस वर्षं पडलेलीच माणसं उचलतेय.’

दादानं हात मागून पुढे घेतले. हवेत दाखवू लागला. ‘डोकं इथे, खाली. पाय वर, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. तोंड... तोंड वर होतं. छताकडे.’

‘उताणे? डोकं खाली?’ परिचारिकेच्या कपाळाला आठी पडली. ‘उतरताना घसरलेला माणूस बसतो हो. माकडहाडावर बसतो आणि तसाच खाली येतो, पाय पुढे. डोक्याकडून उताणा येतो तो माणूस उतरत नसतो. त्याची पाठ असते जिन्याकडे.’

‘तेल लावलं होतं,’ दादा म्हणाला. ‘मी. आदल्या दिवशी. मीच...’

‘तेलानं तोंड नाही फिरत कुणाचं.’

एजंटबाई दारातून डोळे वटारून बघत होत्या. पाच रविवारांनी एक खरं गिऱ्हाईक आलं होतं, जिन्यावर पाय आपटून भक्कम म्हणालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला काही लागत नव्हतं. दादा परिचारिकेकडे बघत होता, मग पायऱ्यांकडे, एकेक, खालून वर. आणि त्याची नजर चढत चढत शेवटच्या पायरीवर, तिच्या चपलांपाशी येऊन थांबली. त्यानं अजून वर पाहिलं नव्हतं. पाहिलं तरी त्याला काही कळलं नसतं. त्यानं स्वतःचंच नाव घेतलं असतं पुन्हा, आयुष्यभर घेतलं असतं. उद्या पहारीचे घाव मोजत घेतलं असतं.

तिला वाटलं होतं की हे कधी बोलावं लागलं तर रडू येईल. तसं काही होईना. उलट पोटातून काहीतरी वर येत होतं, जुनं, ओळखीचं, आणि तिला भीती वाटली की ते हसू असेल. ती तीन पायऱ्या उतरली. खांद्यावरची पिशवी काढून तिनं पायरीवर ठेवली.

‘दादा.’

‘अगं, तू गिऱ्हाईक...’ तो पुटपुटला, आणि एजंटबाईंनी कपाळावर हात मारला.

‘तेलानं काही झालं नाही. तुझ्या तेलाला त्यांचा पायसुद्धा लागला नव्हता. ते आईला वेणी धरून ओढत होते आणि मी त्यांना ढकललं. दोन्ही हातांनी. बघून.’

परिचारिका भिंतीला सरकली. दादाचा आवाज फुटला, लहान मुलासारखा. ‘पण मग... तू त्यांचं एवढं केलंस. बावीस वर्षं. ते का? पश्चात्ताप म्हणून?’

हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो वर आला असता आणि तिला जवळ घेऊन रडला असता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला दिसलं की त्याचं नाक, हनुवटी, सगळं बाबांचं आहे, आणि तरीही तिच्या हातांना काही करावंसं वाटत नाहीये. ते नुसते लोंबत होते, जड, दुसऱ्याच कुणाचेतरी असावेत तसे.

‘नाही रे,’ ती म्हणाली. ‘ते परत उठतील म्हणून. मी सेवा नाही केली, दादा. पहारा केला.’