ओव्हरलोडचा शेरा

पिकअपचे मागचे स्प्रिंगचे पाटे चॅसिसला धरून ठेवणारं ब्रॅकेट तडकलं, की जॉबकार्डवर काय लिहायचं हे सर्व्हिस सेंटरच्या ताईंना तोंडपाठ होतं: ओव्हरलोड. ब्रॅकेटचा पत्राच मुळात पातळ, हे कंपनीला ठाऊक होतं. तसं पत्रकही आलं होतं. जे गिऱ्हाईक हटून बसेल त्याला फुकट बदलून द्या, बाकीच्यांपुढे अवाक्षर काढू नका.

गादीवाले काका हटून बसणाऱ्यांतले नव्हते.

"अहो ताई, माझ्या गाडीत कापूस असतो. त्यानं कसलं ओव्हरलोड होतंय?"

"ओला असेल," ताई म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरचे दोघं फिदीफिदी हसले. काकाही ओशाळून हसले आणि वेल्डिंग मारून गाडी घेऊन गेले.

सहा महिन्यांनी ते ऑईल बदलायला आले. आपणहून सांगू लागले, "तुमचं ऐकलं बरं का. आता निम्माच माल भरतो. एका खेपेच्या दोन होतात, बायको कुरकुरते, पण चालायचंच."

"गाडी तुम्हीच चालवता?"

"आता मीच. आधी मेव्हणा चालवायचा. तुम्ही ओव्हरलोड म्हणालात तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा पठ्ठ्या माझ्यामागे दुसऱ्यांची भाडी मारत असणार! तो शपथा घेत राहिला. मी चारचौघांत त्याला चोर म्हणालो, चावी काढून घेतली. तेव्हापासून त्यानं आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही."

ताईंचे कान तापले. गाडी लिफ्टवर चढल्यावर त्या स्वतः खाली जाऊन पाहून आल्या. दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटलाही केसाएवढी चीर गेली होती. निम्म्या कापसानं.

मग त्यांनी काकांना सगळं सांगून टाकलं, पत्रकासकट.

"म्हणजे मेव्हणा खरं बोलत होता?"

"हो."

"आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

ताईंनी मान डोलावली. काकांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "लिहून द्या."

ताईंनी कंपनीच्या कागदावर लिहून सही केली. दोन्ही ब्रॅकेटं फुकट बदलली.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. मेव्हण्यानं कागद वाचून परत केला होता. म्हणाला, चोर चारचौघांत म्हणालात आणि कागद एकट्याला दाखवताय?

"मी येऊ का?" ताईंच्या तोंडून निघून गेलं.

रविवारी काकांच्या दुकानात, गाद्यांच्या चळतींमध्ये, सगळी जमली होती. काका, काकू, मेव्हणा, दोन कारागीर. ताईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. मध्येच अडखळल्या, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकांनी मेव्हण्यापुढे हात जोडले. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांनी पुढे केलेली चावी मेव्हण्यानं घेतली, पण खिशात न टाकता तो ताईंकडे पाहत राहिला.

"आणखी किती जणांना ओव्हरलोड म्हणालात?"

ताईंनी कधी मोजलंच नव्हतं.

"बऱ्याच जणांना," त्या कशाबशा म्हणाल्या. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.