लेपावर गोळी चालत न्हाई

नाव?
रविराज. वय छत्तीस. सणसवाडीच्या कंपनीत पॅकिंगला. सांगणारी बायको, स्नेहल. दोन वर्षांपूर्वी तिचीच किडनी त्याला बसवली, तेव्हापासून कुठल्याही दवाखान्यात हे सगळं तीच सांगते. शिरूरच्या या दवाखान्यातही.

त्रास?
नागीण. पाण्याच्या फोडांचा पट्टा बरगडीवरून निघाला तो गळ्यापर्यंत. वर ताप. फोडांवर गेरूचा लेप, वाळून भेगाळलेला.

“हे कुणी लावलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“निमोण्याच्या गेणबानं,” स्नेहलची सासू तुळजाबाई दारातूनच म्हणाल्या. “नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं का माणूस जातंय. त्यानं मिळू दिलं न्हाई.”

किडनीच्या गोळ्या चालू?
सकाळी आठ, संध्याकाळी आठ. परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून. त्याच गोळ्यांनी अंगाची ताकद दबते आणि आत झोपलेला विषाणू उठतो. दोन्ही सांभाळायचं. स्नेहल दोन वर्षं तेच करत होती.

“चालू हायेत की,” रविराज म्हणाला. डॉक्टरांनी लिहिलं.

स्नेहलनं पिशवीतली गोळ्यांची डबी उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार. कप्पे अजून भरलेले.

“अहो?”

“गेणबा म्हणला, लेपावर गोळी चालत न्हाई.”

“मी रोज इचारत होते, घेतली का?”

“तुला सांगितलं असतं तर तू लेपच पुसला असता.”

“पुसलाच असता.”

“त्याला नको बोलू,” तुळजाबाई म्हणाल्या. “मीच म्हणले, तीन दिसानं काय व्हतंय.”

रागवायला उभं राहावं लागतं. स्नेहल स्टुलावर बसली.

“खोडा ते, डॉक्टर. तीन दिवस बंद हायेत.”

डॉक्टरांनी पेन थांबवलं. विषाणूवरचं इंजेक्शन आत्ताच सुरू करायचं. गोळ्यांचं किडनी बसवलेल्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारायचं. पुण्याला न्यायला अॅम्ब्युलन्स बोलवायची.

“किडनी गेली का?” रविराजनं विचारलं, स्नेहलकडं न बघता.

“रक्त तपासल्याशिवाय नाही सांगता येणार.”

“गेली तर माझी घ्या,” तुळजाबाई म्हणाल्या.

“तुमची घेत न्हाईत, आत्याबाई. शुगर हाय तुम्हाला.”

“मग गं?”

स्नेहलकडं आता एकच उरली होती.

सोबत कोण?
डॉक्टर तिघांकडं बघत राहिले.

“लिहा,” स्नेहल म्हणाली. “मीच.”