भाच्याच्या नावावरचे पास

हॉलमध्ये खुर्च्या चार हजार, आणि मोसमातल्या शेवटच्या बास्केटबॉल सामन्याला आलेली माणसं जेमतेम तीनशे. वरची गॅलरी काळ्या कापडानं झाकून टाकली होती, म्हणजे टीव्हीवर ती नाहीच असं वाटावं. खाली जे कोणी येत, त्यांना दारावरची माणसं गोड बोलून कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला नेऊन बसवत. आकडेवारीच्या टेबलावर बसलेल्या मामांना मात्र दोन्ही बाजू दिसत.

त्यांना सगळा हॉल मामाच म्हणायचा, कारण संघातला सात नंबरचा खेळाडू त्यांचा सख्खा भाचा होता. प्रशिक्षक त्याचे वडील, म्हणजे मामांचे दाजी. मामांची नोकरीसुद्धा दाजींच्याच शब्दावर लागलेली. त्याआधी ते एका गोदामात आवक-जावक लिहीत. माइकवर बोलायचा तो संघाच्या मालकांचा जावई. हे सगळं घरचंच कार्य आहे, आपण न बोलावता कशाला जायचं, असं लोक म्हणू लागले होते. आणि खरंच यायचे थांबले होते.

एकेकाळी हा हॉल भरायचा तो फिरकीमुळे. फिरकी म्हणजे एक बुटका, चपळ गडी. तो चेंडू घेऊन वळला की माणसं खुर्च्या सोडून उभी राहत. या मोसमात दाजींनी त्याला बाकावर बसवला आणि जागा दिली स्वतःच्या मुलाला. पहिले काही सामने लोक ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणून ओरडले. मग ओरडणंही बंद पडलं, आणि ते मामांना जास्त लागलं.

आता मामांनी काय केलं ते सांगायला हवं, कारण पाप त्यांचं होतं आणि दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ते ढकलता येत नव्हतं. एखाद्याच्या पासवर सोबत्यानं लगेच बास्केट केली, तर पास देणाऱ्याच्या नावावर एक ‘असिस्ट’ चढतो. ‘लगेच’ म्हणजे किती लगेच, हे टेबलावरच्या माणसानं ठरवायचं. पहिल्या सामन्यात भाच्याचे तीन झाले आणि मामांनी तीनच लिहिले. संध्याकाळी ताईचा फोन आला, पोरगा जेवला नाही म्हणून. पुढच्या सामन्यात एकानं त्याचा पास घेतला, चार वेळा चेंडू आपटला, दोघांना चकवलं आणि स्वतःच्या हिमतीवर बास्केट केली. मामांनी तोही भाच्याच्या नावावर टाकला. एकानं काय बिघडतं? कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. दाजींनी नंतर कागद पाहिला, मेहुण्याकडे पाहिलं आणि पाठीवर हात ठेवला. तिथून पुढे मामांचा हात सैल सुटला तो सुटलाच.

रिकाम्या खुर्च्या बघून मालकांचंही डोकं फिरलं होतं. त्यांनी दाजींना सांगून टाकलं होतं की पोराची सरासरी सामन्याला पाच असिस्ट भरली तर पुढच्या वर्षीचा करार त्याचा, नाहीतर फिरकीचा. दोघांना ठेवणार नाही. एकवीस सामन्यांत एकशे चार झाले होते. आज सहा हवे होते.

“सहा लागतील,” दाजी टेबलाशी वाकून म्हणाले. “बाकी तुला काय सांगायचं!”

ते वळले नाहीत तोच वहीवाल्या बाई आल्या. बाई निवृत्त तिकीट तपासनीस. चौथ्या रांगेत बसून गेली एकोणीस वर्षं प्रत्येक सामन्याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवत. बाईंनी या मोसमाची वही मामांपुढे ठेवली आणि आपण पुढच्या वर्षीपासून येणार नाही, ही तुमच्याकडेच असू द्या, असं शांतपणे सांगितलं.

मामांनी उगाच विचारलं, तब्येत बरी नाही का?

“तब्येतीला काय धाड भरलीय! जन्मभर बिनतिकीट माणसं पकडली मी. तुमचा भाचा कुठल्या स्टेशनात चढला, हे मला दुसऱ्याच सामन्यात कळलं होतं. तरी येत राहिले, म्हटलं मामांना आज तरी लाज वाटेल.”

बाई गेल्या, आणि आपल्या जागेवर न बसता तडक दाराबाहेर पडल्या. मामांचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. वही उघडायची हिंमत काही झाली नाही.

सामना सुरू झाला. मामांनी सबंध मोसमात पाहिलं नव्हतं तसं भाच्याकडे पाहिलं. पोरगा जीव तोडून पळत होता, पण पास अर्धा क्षण उशिरा सुटत होते. खरे असिस्ट झाले चार. आणखी दोन असे होते की मामांनी एरवी डोळे झाकून लिहिले असते. पेन त्या रकान्यावर दोनदा टेकलं. शेवटी त्यांनी चार लिहिले, खाली सही केली आणि कागद दाजींना दिला. दाजींनी तो वाचला, टेबलावर परत ठेवला आणि ते निघून गेले.

हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. सफाईवाले गॅलरीचं कापड गुंडाळू लागले, तेव्हा भाचा घामाघूम तसाच टेबलाशी आला. तो चिडला नव्हता, गोंधळला होता.

“मामा, आज तुझी चूक झालीय. माझे सहा झाले. मी मोजलेत.”

“चारच झाले रे.”

“असं कसं? मोजायला तूच शिकवलंस ना, अंगणात खेळायचो तेव्हा.” तो खुर्ची ओढून बसला. “लोक मला तट्टू म्हणायचे तेव्हा मी काय करायचो माहितेय? घरी जाऊन तुझे कागद काढायचो. म्हणायचो, त्यांना काय कळतंय, मामानं लिहिलंय ना.”

लोकांना फसवलं, फिरकीची जागा खाल्ली, हे मामांना ठाऊक होतं. याला फसवलं हे आत्तापर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं. प्रेमानं केलं म्हणून सांगावं, तर तेही सांगायची लाज वाटली.

“चूक आज नाही झाली,” ते म्हणाले. “आधीच्या वीस सामन्यांत झाली.”

भाच्यानं खालच्या आवाजात विचारलं, बाबांना माहीत होतं? मामांनी होकारार्थी मान हलवली. आईला? मामांनी पुन्हा मान हलवली.

“म्हणजे मीच तेवढा राहिलो.”

त्यानं टेबलावरची वही पाहिली, उचलली, पहिली दोन पानं उलटली आणि मामांपुढे सरकवली. “तूच वाच. खरे किती ते सांग.”

मामांनी चष्मा पुसला. बाईंचं अक्षर टपोरं होतं, एकही खाडाखोड नव्हती.

“दुसरा सामना,” मामा म्हणाले. “मी तीन लिहिले होते. खरे दोन.”

“पुढचा.”